समुद्रातल्या बोअरचे सहा मीटर

४ नोव्हेंबर, मंगळ.
सुट्टी संपली. शेअर रिक्षात पाच जण, माझ्या मांडीवर कुणाच्या तरी केळ्यांची पिशवी. पालघर येईपर्यंत केळी आणि मी दोघीही पिकलो.

स्टाफरूममध्ये केमिस्ट्रीच्या नव्या सरांनी विचारलं, मॅडम, तुमची पीएचडी नक्की कशावर? आता पाठच झालंय. भर समुद्रात जहाज उभं करून तळाचा खडक खोदला. दगडाचे तुकडे नळीतून वर काढले. मग त्या बोअरमध्ये केबलला उपकरणांची दांडी बांधून सोडली. दांडी भिंतीला घासत वर येते आणि कुठे काय लागलं ते लिहून घेते: विजेला विरोध किती, गॅमा किरण किती, भोक किती रुंद. तो पट्टा म्हणजे लॉग. त्यावरून तळाखालचा खडक कसा रचलाय ते वाचायचं.
"म्हणजे तुम्ही जहाजावर गेला होतात?"
नाही हो. शिरगावात समुद्र घरापासून पाच मिनिटांवर आहे, त्यातही मी गुडघ्यापुढे गेलेली नाही. सगळी आकडेवारी जगाला फुकट उघडी आहे, ती उतरवून घेतली. मिरजेत वाढलेल्या मुलीला शिरगावच्या ओटीवर बसून समुद्राचा तळ वाचायला मिळतो, याचं मला सात वर्षांनंतरही अप्रूप वाटतं.

गाईड मॅडमचा मेल. चौथं प्रकरण आवडलं. "आता सगळा लॉग एकदा छापून जमिनीवर पसर आणि त्याच्या कडेने चाल. स्क्रीनवर माणूस आंधळा होतो." प्रबंध ३०च्या आत द्यायचाय. मुदत एकदा वाढवून मिळालीय, परत मिळेल असं कोणी समजू नये. त्याच प्रकरणाचा पेपरही स्वीकारला गेलाय, छापायचा बाकी. म्हणजे गंगेत घोडं जवळजवळ न्हालं.

६ नोव्हें., गुरु.
प्रॅक्टिकल संपवून बोईसर. शैलेश (नवरा) कंपनीतून सुटून स्टेशनजवळ भेटला. एवढा लांब कागद कोणी छापेना. शेवटी फ्लेक्सवाला. एका मीटरला चार सेंटीमीटर धरले तरी बारा मीटर लांब.

दुकानदाराने फाईल उघडून दोनदा वर-खाली केली. "मॅडम, इसमें फोटो किसका डालना है?"
"किसी का नहीं."
"नाम?"
"नाम भी नहीं."
"तो फिर लगाओगे कहाँ?"
शैलेश म्हणाला, "घर में बिछायेंगे." त्यावर त्याने आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या. तीन तुकडे झाले. कुठला कुठे जोडायचा ते कळावं म्हणून त्याने न सांगता मागे मार्करने नंबर घातले आणि कडा पट्टी लावून कापल्या. वाढदिवस आणि निवडणुका छापणारा माणूस. माझ्या बोअरशी इतकं नीट वागला की येताना रिक्षात मला उगाच भरून आलं. शै. म्हणाला, फ्लेक्सवर रडू नकोस, शाई ओली आहे.

८ नोव्हें., शनि.
पसरला. स्वयंपाकघराच्या दारापासून माजघर, तिथून ओटी, आणि शेवटचे दोन मीटर अंगणात वाळत घातलेल्या सुपारीच्या कडेला. सासूबाई म्हणाल्या, "मी आता पाय कुठं ठिवू?" मग स्वतःच चपला काढून कडेकडेने गेल्या, देवळात जावं तसं.

अप्पा (सासरे) मात्र सकाळपासून त्या पट्ट्याला चिकटून. उभा जन्म बोअरच्या रिगवर काढला, पालघर ते डहाणू. कॉम्प्रेसरने डावा कान गेला, म्हणून उजवीकडून बोलावं लागतं. हात मागे बांधून समुद्रतळापासून खाली, म्हणजे चुलीकडून अंगणाकडे, सावकाश चालत गेले. मध्येच अंगठ्याने दाखवलं, "हितं बिट नाचलाय." बिट म्हणजे खोदणारं टोक; पाहिलं तर तिथे भोक खरंच रुंद. अक्षर न वाचता नुसत्या रंगावरून. माझे एम.एस्सी.चे विद्यार्थी आठवले, असो.

मग अप्पांनी विचारलं, "दगड किती आला वर?"
म्हटलं, एका नळीला साधारण दहा मीटर खोदलं की कधी तीन मीटर येतो, कधी अर्धाच.
"मंग तो अर्धा दहातला कुठला?"
म्हटलं, ते कळत नाही. म्हणून नियम आहे, जेवढा हाती लागेल तेवढा त्या दहा मीटरच्या वरच्या टोकाला लावून नोंदवायचा. सगळे तसंच करतात.
"म्हंजे लिवायला. खरा तितला म्हनून नाय."
"नाही."
"आमी पन एक रॉड खाली गेला का खड्यांचा एक ढीग घालायचो. पन खडा उशिरा येतो वर. ढीग बघून बोलनारा फसतो." मग, "आनि एक. कडक दगडाचा पीठ होतो, उडून जातो. भुसभुशीत हाय त्याचा खडा हातात येतो. म्हनून काय सगळा भुसभुशीत?"

मी म्हटलं हो, बरोबर. आणि आत जाऊन भात लावला. भात लावताना एकोणिसावी नळी डोक्यात आली.

९ नोव्हें., रवि.
पहाटे उठून पाहिलं. आहे.

नळी क्र. १९. नऊ मीटर खोदलं, हाती आले जेमतेम दोन फूट, सगळे खारट पाण्याने कुजून हिरवट झालेले मोडके तुकडे. जहाजाच्या नोंदवहीत ते नियमाप्रमाणे वरच्या टोकाला. पण लॉगमध्ये मोडक्या खडकाच्या खुणा (वीज सहज जाते, गॅमा जास्त, भोक रुंद) सहा मीटर खाली आहेत. आणि त्यांच्या वर सहा मीटर अखंड दगड, ज्याचा एक खडाही वर आला नाही. पीठ होऊन गेला.

लॉग आणि नोंदवही यांत एक-दोन मीटरचा फरक असतोच. केबल ताणते, जहाज वरखाली होतं. तेवढं सरकवून घ्यायचं असतं, सगळेच घेतात. मीही सगळीकडे मीटर-दीड मीटर सरकवलाय. या एका जागी सहा. माझ्याच अक्षरात माझ्या वहीत: "केबलचा ताण, ६ मी. वर." केबल बरी, बाकी सगळीकडे दीड मीटर ताणली आणि इथेच सहा.

दगड हाताला लागतो, म्हणून तो खरा वाटला. दांडीने सांगितलेलं ओढून त्याच्या मापाला बसवलं. आणि तेव्हा खटकलं होतं. हे इथे तरी लिहून ठेवते. खटकलं होतं, आणि चित्र सुंदर जुळत होतं म्हणून पुढे गेले.

परिणाम साधा आहे. मी लिहिलंय की समुद्राचं पाणी त्या जाड दगडी थराच्या वरून वाहिलं, थराने त्याला खाली जाऊ दिलं नाही. पाणी खालून वाहिलंय. थर झाकण आहे, तळ नाही. चौथं प्रकरण उलटं.

१० नोव्हें., सोम.
पोटेन्शिओमीटरचं प्रॅक्टिकल. सगळ्यांना उत्तरं बरोबर आली, म्हणजे सगळ्यांनी मागच्या वर्षीचं जर्नल उतरवलं. ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं.

१२ नोव्हें., बुध.
शैलेशला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं, मग इंजिनिअरसारखा एकच प्रश्न, "कोणाला कळेल?"
बहुतेक कोणालाच नाही. त्या बोअरवर सध्या माझ्याशिवाय कोणी बसलेलं नाही.
"मग एक ओळ घाल, खोलीत अनिश्चितता आहे म्हणून. प्रबंध दे. पुढच्या पेपरात दुरुस्त कर."
ती ओळ मी कालच मनात तयार केली होती, हे त्याला सांगितलं नाही. राग त्याचा आला, म्हणजे खरं तर माझा. सात वर्षं या माणसाने रविवारचा बाजार केला, माझ्या सासरच्या लग्नांत एकटा जाऊन "वैशालीचं काम चाललंय" सांगत बसला. त्याला ते संपायला हवंय, त्यात काय चुकलं?

जेवताना भाजीत मीठ दोनदा पडलं. सगळ्यांनी ती तशीच संपवली, म्हणजे काहीतरी बिनसलंय हे सगळ्यांना कळलंय.

१५ नोव्हें., शनि.
फ्लेक्स अजून पसरलेलाच. सासूबाईंनी त्यावरून उड्या मारायची सवय करून घेतली आहे.

दुपारी अप्पा ओटीवर सुपारी सोलत होते. मी त्यांच्या उजवीकडे जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. सरकवलेले सहा मीटर, तीस तारीख, ती एक ओळ. वाटलं होतं काहीतरी वडीलधारं बोलतील. ते सोलतच राहिले. मग:

"वानगावला एक चिकूची वाडी होती. मी बोर मारली. ढीग बघून म्हनलो, पानी खाली हाय, वर काय नाय. वरचा भाग केसिंग घालून बंद केला. पानी वरच होता. खडा उशिरा आला, मी फसलो. पाइपाच्या मागं पानी कोंडला, बोर कोरडी."
"मग?"
"दुसऱ्या दिवशी मना कळला. ढिगाला पानी मारून बघितला तवा."
"सांगितलंत त्यांना?"
"नाय."

सुपारी सोलणं थांबलं नव्हतं. "म्हनलो, नशीब तुमचा, पानीच नाय. त्यानं दुसऱ्याकडनं दुसरी बोर मारली, तोवर अर्धी झाडं गेली. केसिंग उपसायला एक दिवस लागला असता मना." मग पुढची सुपारी उचलून, "आजून वानगावला उतरायचा असला तर मी डहानूला उतरतो आनि रिक्षानं मागं येतो."

मला काय करायचं ते त्यांनी सांगितलं नाही. सासूबाईंनी चहा आणला, तेव्हा विषय बदलला. त्यांना ही गोष्ट माहीत नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं. लग्नाला पन्नास वर्षं होत आली आणि पहिल्यांदा सांगितली ती मला. हे मी कसं फेडायचं कळत नाही.

१६ नोव्हें., रवि.
मेल पाठवला. मॅडमना, आणि पेपरातले तिसरे लेखक, जे त्या जहाजावर स्वतः होते, त्या सरांना. चार परिच्छेद लिहून दोन खोडले. केबलचा ताण हा शब्द कुठेही वापरला नाही. "मी सरकवलं" असं लिहिलं.

पाठवल्यावर किल्ल्यापर्यंत चालत गेले आणि परत आले. सडकून भूक लागली होती.

१८ नोव्हें., मंगळ.
उत्तर नाही. कॉलेजात दर तासाला फोन पाहिला. नेट नसेल म्हणून प्राचार्यांच्या केबिनबाहेर जाऊन उभी राहिले, तिथे सिग्नल चांगला. उत्तर नसल्याचं तिथे अधिक स्पष्ट दिसलं.

१९ नोव्हें., बुध.
मॅडमचा फोन. रिकाम्या प्रयोगशाळेत जाऊन घेतला.
म्हणाल्या, "वैशाली, सरकवल्याचा तक्ता मी तपासला होता. सहाचा आकडा माझ्या डोळ्यांसमोरून गेलाय. तुझ्या एकटीचं नाही हे."
मी म्हटलं, मॅडम, चूक माझी आहे.
"चूक तुझी. सही दोघींची."
मग एकदम कामाचं. पेपर मागे घेऊ, संपादकांना त्या लिहितील. विद्यापीठाकडे मुदतवाढीचा अर्ज, कारण खरं तेच द्यायचं. मिळेलच असं नाही, हेही स्पष्ट सांगितलं. न मिळाल्यास नोंदणी रद्द, आणि या वयात नव्याने सात वर्षं, वगैरे. फोन ठेवताना म्हणाल्या, "जमिनीवर पसरलास ना? मला वाटलं होतं तू नुसतं हो म्हणशील."
त्या पुढच्या वर्षी निवृत्त होणार. शेवटच्या विद्यार्थिनीचा पेपर मागे घ्यायचा त्यांना काय आनंद असेल? तरी एकदाही आवाज चढवला नाही. फोन ठेवून स्टुलावर बसून पोटभर रडले आणि मग एफ.वाय.च्या मुलांची बॅच घेतली.

२२ नोव्हें., शनि.
सरांचा मेल. चार ओळी. त्या दिवसाची त्यांची खाजगी वही त्यांनी शोधून काढली. १९व्या नळीला ड्रिलर म्हणाला होता: आधी फार सावकाश गेलं, बिट तापला, नळीचं तोंड चोंदलं, मग शेवटी एकदम खाली बसलं. म्हणजे आधी कडक, खाली मोडकं. लॉग म्हणतोय तेच. शेवटी लिहिलंय, "तुम्ही विचारलं नसतं तर ही वही रद्दीत गेली असती. आभार."
आभार माझेच. कमाल आहे.

अप्पांना वाचून दाखवलं. "ड्रिलरला पयलाच इचारायचा ना. शिकलेली मानसं दगडाला इचारतात, दांडीला इचारतात, खोदनाऱ्याला नाय." मान्य. ते दिवसभर खुशीत होते. संध्याकाळी शेजारच्या काकांना सांगताना ऐकलं, "जहाजावर पन बिट आमच्यासारकाच तापतो."

२३ नोव्हें., रवि.
कामाला लागले. शैलेशने स्वतः फ्लेक्स गुंडाळला आणि फक्त १९वीच्या आसपासचा तुकडा कापून भिंतीवर लावला, कॅलेंडरच्या जागी. "एक ओळ घाल" म्हणाला होता, तोच हा. आज रात्रीची भांडी त्याची असंही त्याने दुपारीच जाहीर केलं. माफी मागायची प्रत्येकाची पद्धत असते, आमच्याकडे ती ओली असते.

सगळी सरकवणी काढून टाकली. आता लॉग जिथे आहे तिथेच, आणि दगड नऊ मीटरच्या आत कुठेही असू शकतो असं धरून पुन्हा जुळवायचं. चित्र पूर्वीइतकं सुंदर नाही. कडा फाटक्या, मध्ये दोन जागा रिकाम्या, तिथे "माहीत नाही" लिहिलंय. पण ते सहा मीटरचं झाकण स्पष्ट दिसतं आणि त्याखालून पाणी गेल्याची खूणही. पहिल्यांदाच मला ते माझ्याशिवाय तिथे असल्यासारखं वाटलं.

२६ नोव्हें., बुध.
विद्यापीठाचं पत्र. अर्जावर ३ डिसेंबरला समिती बसेल, स्वतः हजर राहून स्पष्टीकरण द्यावे. "स्पष्टीकरण" खाली दोन रेघा, ती बहुतेक क्लार्कची हौस.
मॅडम म्हणाल्या, त्या येतील. शै.ने रजा टाकली. अप्पा म्हणाले मी पन येतो. त्यांना तिथे आत घेणार नाहीत म्हटलं. "बाहेर बसतो. रिगवर काय आत बसायचो काय?"

३० नोव्हें., रवि.
आज प्रबंध द्यायचा दिवस. दिला नाही.
चौथं प्रकरण अर्धं झालंय. उरलेलं लिहायला हात वळेना, म्हणून वेगळंच केलं. ऋणनिर्देश लिहिला. प्रबंध असेल की नाही ते बुधवारी ठरणार, पण ऋण तर आहेच, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. मॅडम. जहाजावरचे सर आणि त्यांनी ज्याचं बोलणं वहीत टिपलं तो ड्रिलर, ज्याचं नाव सरांनाही आठवत नाही. ज्यांनी ही सगळी आकडेवारी कुलूप न लावता ठेवली ते सगळे. बोईसरचा फ्लेक्सवाला. सासूबाई, पंधरा दिवस समुद्रतळावरून उड्या मारल्याबद्दल. शैलेश. आणि अप्पा: "चाळीस वर्षे बोअरिंगच्या व्यवसायात काढलेले माझे सासरे, ज्यांच्या एका प्रश्नामुळे या प्रबंधातील एक मोठी चूक टळली."

वाचून दाखवलं. सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. अप्पा उजवा कान पुढे करून शेवटपर्यंत ऐकत राहिले.
"चाळीस नाय," म्हणाले. "एकोनतीस."
म्हटलं, चाळीस ऐकायला बरं वाटतं, अप्पा. कोण मोजतंय.
"तेच. आनि टळली कुठं? केलीस, मंग काडलीस. तसा लिव."

एकोणतीस केलं. चूक टळलीच्या जागी चूक सापडली असं लिहिलं. समिती बुधवारी अकरा वाजता.